भडक भाषणं आणि टाळ्या वाजवणारी आपली माणसं : तुमचे अनुभव लिहा

सभेत नेता काय बोलला यावर रकाने भरतात. समोर टाळ्या वाजवणाऱ्यांबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. पार्ले, ठाणे, डोंबिवली, बोरिवली इथली नोकरदार, एरवी रिक्षावाल्याशीही आवाज न चढवणारी माणसं असतात ती. त्यांना ही भाषणं का भावतात? घरात, सोसायटीत, लोकलमध्ये जे पाहिलंत ते लिहा. पक्ष कुठलाही चालेल. 'लोक मूर्ख आहेत' एवढंच म्हणायचं असेल तर नको, ते सगळेच समोरच्या पक्षाच्या मतदाराबद्दल म्हणतात. सुरुवात मी करते.

पार्ले पूर्व (धागाकर्ती)

१९८७ची पार्ल्यातली विधानसभेची पोटनिवडणूक. शिवसेनेच्या पाठिंब्याचे डॉ. रमेश प्रभू विरुद्ध काँग्रेसचे प्रभाकर कुंटे. बाळासाहेब ठाकरे यांनी उघडपणे हिंदुत्वाच्या नावावर मतं मागितली. मुसलमानांबद्दल जे बोलले ते न्यायालयाच्या निकालपत्रातच आहे, मी परत टंकत नाही.

माझे आजोबा व्याख्यानमालेत पहिल्या रांगेत बसणारे. वक्त्याने 'श' आणि 'ष'ची गल्लत केली तर घरी येईपर्यंत कुरकुर. त्यांना ती भाषा आवडली असेल? मुळीच नाही. 'शिवराळ आहे हो माणूस,' म्हणायचे. मत मात्र तिकडेच दिलं. आजीने छेडलं तर म्हणाले, 'बोलण्यातलं तेवढं सोडून द्यायचं. निदान कोणीतरी ठणकावतंय.' आमच्या अख्ख्या इमारतीचा सूर हाच होता. शिवी गाळून टाकायची, दरारा ठेवून घ्यायचा.

प्रभू निवडून आले. १९८९ला उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली, डिसेंबर १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. धर्माच्या नावावर मतं मागणं हा कायद्याच्या भाषेत 'भ्रष्ट आचार' ठरला. तोवर राज्यात युतीचंच सरकार आलं होतं! पुढे १९९९मध्ये ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेतला गेला. मत देणाऱ्या पार्लेकरांना यात कुठे आपला संबंध जाणवला नाही. निकाल लागला तो नेत्यावर, आम्ही आपले दर्शक.

ठाणे, निवृत्त बँक कर्मचारी

१९६७ला शिवसेनेने पहिली सत्ता मिळवली ती आमच्या ठाणे नगरपालिकेत. मी तेव्हा शाळेत. बाळासाहेबांच्या 'मार्मिक' साप्ताहिकात कंपन्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत, मथळा 'वाचा आणि थंड बसा'. वडील त्या मोठ्याने वाचत. नंतर बँकेत लागलो त्यात, नोकऱ्यांत मराठी माणसाला घ्या म्हणून भांडणाऱ्या शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीच्या रेट्याचा वाटा आहे, तो मी कधी नाकारणार नाही. त्या आरडाओरड्याशिवाय आमची दखल कोणी घेतली असती, हे मला कोणी पटवून दाखवावं.

एक गोष्ट मात्र सांगतो. समोरच्या खोलीतले तमिळ काका मला फुकट गणित शिकवत. 'हटाव लुंगी' ओरडताना ते कधी डोळ्यांसमोर आले नाहीत, कारण 'ते तसले नव्हेत' हे घरात ठरलेलं होतं. काकांना ते कोणी कळवलं नसावं. त्या काळात ते दूध आणायलासुद्धा पॅण्ट घालून जायला लागले.

डोंबिवली

२००८, लोकलचा ग्रुप. रेल्वेभरतीच्या जाहिराती मराठी पेपरांत येत नाहीत, यावर डबाभर एकमत. ऑक्टोबरमध्ये परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मनसेकडून मारहाण झाली तेव्हा डब्यात टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मागणी आजही रास्त वाटते. एकाने तेव्हाच विचारलं होतं, 'मार खाल्ला तो अर्ज भरणाऱ्याने, भरती काढणाऱ्याला कोण विचारणार?' त्याला चौथ्या सीटवरून उठवलं.

मनसेला २००९च्या विधानसभेत १३ जागा मिळाल्या, २०१४ला एकच, २०२४ला शून्य. शिवाजी पार्क मात्र दर वेळी भरलं. आमच्या ग्रुपमधले निम्मे सभेला राज ठाकरे यांच्या आणि मतदानाला कमळाच्या.

कांदिवली पूर्व

वरचं वाचलं. २००८ला माझे वडील टॅक्सी चालवत. आम्ही जौनपूरचे, माझा जन्म इथला, शाळा मराठी. त्या फेब्रुवारीत मनसेवाले उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांना मारत होते, गाडी काही दिवस चाळीतच उभी होती, काच फोडतील म्हणून. तेच वडील २०२४ला योगींचं 'बटेंगे तो कटेंगे' सकाळ-संध्याकाळ फॉरवर्ड करत होते. अजित पवार महायुतीत असूनही 'हे महाराष्ट्रात चालणार नाही' म्हणाले, त्यांच्यावर वडील भयंकर चिडले. मी २००८ची आठवण दिली. म्हणाले, 'वो अलग बात थी.' या वेळी बोट दुसऱ्याकडे होतं, एवढंच अलग.

मुंब्रा

ते बोट आमच्याकडे. आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, १९९३च्या दंगलीनंतर जोगेश्वरी सोडून इथे आलो. २०२२च्या पाडव्याला राज ठाकरे यांचं मशिदींवरच्या भोंग्यांविरुद्धचं भाषण झालं. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधल्या मैत्रिणीने डबा उघडता उघडता सांगितलं, 'तुझ्याबद्दल नाहीये गं ते.' ती मनापासून बोलत होती, म्हणून तर उत्तर सुचलं नाही. मग ते नक्की कोणाबद्दल आहे? ज्याच्या-त्याच्या ओळखीचा मुसलमान वगळत गेलं तर मुंब्र्यात उरेल कोण?

न्यू जर्सी

इथेही तेच. ओळखीचे एक मराठी काका ट्रम्प यांचे कट्टर. स्थलांतरितांवर काही बोललं की, 'आपण रांगेतून आलो, ते घुसलेले.' डिसेंबर २०२४मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरून ट्रम्प यांचेच समर्थक भारतीयांवर तुटून पडले, तेव्हा काका चार दिवस गप्प. आता परत सुरू.

बोरिवली

काय लावलंय? भाषण ऐकून कोण मत देतं? आमच्या आईला रात्री अटॅक आला तेव्हा शाखेची अ‍ॅम्ब्युलन्स आली, बिल कमी करायला शाखाप्रमुख स्वतः गेले. आम्ही त्याला मत देतो.

धागाकर्ती : मान्य. मग तुमचे नेते सभेत अ‍ॅम्ब्युलन्सवरच का बोलत नाहीत?

बोरिवली : अ‍ॅम्ब्युलन्सवर बोलले तर तुम्ही तरी धागा काढला असता का?