मूकपटाला लाइव्ह संगीत: शेवटी चित्र पुढे, आम्ही मागे. मदत हवी आहे

बिनआवाजी
शनिवारी प्रयोग आहे, त्यामुळे कृपया लवकर सांगा. मूकपटाला आम्ही चौघे लाइव्ह वाजवतो. लॅपटॉपवर क्लिक (कानात वाजणारी तालाची टकटक) आणि थोडे तयार ट्रॅक, बाकी सगळं हाताने. घरच्या तालमीत सगळं चोख बसतं. काल हॉलवर वाजवलं तर पडद्यावर नागपत्न्या हात जोडून उभ्या राहिल्या तरी आमचं लढाईचं संगीत चालूच. लॅपटॉप हळू पडतोय का? बफर (आवाज बाहेर काढण्याआधी लॅपटॉप थोडा साठवून ठेवतो तो) वाढवू की कमी करू?

झांजरवाणे
कुठला चित्रपट? हॉलवर तो कशावरून चालतो? क्लिक कानात कसा जातो, वायरने की ब्लूटूथने?

काळी_चार
'कालिया मर्दन' असणार. १९१९, फाळके. कृष्णाच्या भूमिकेत त्यांची मुलगी मंदाकिनी.

बिनआवाजी
हो, तोच. इयरफोन वायरचेच. चित्रपट अर्थात प्रोजेक्टरवर. फाइल हॉलवाल्यांकडे होतीच, तीच लावली.

झांजरवाणे
म्हणजे तालमीची फाइल वेगळी आणि हॉलची वेगळी. बफरला हात लावू नका. बफरने किंवा ब्लूटूथने पडणारा उशीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच राहतो, वाढत जात नाही. तुमचा वाढतोय का ते आधी बघा. दोन्ही फाइलींमध्ये तीन ठिकाणची वेळ लिहून काढा: पहिली पाटी (पडद्यावर येणारा मजकूर), कृष्ण यमुनेत उडी मारतो तो क्षण आणि शेवटची फ्रेम. फरक सारखा वाढत असेल तर वेगाचा घोळ आहे. एकाच ठिकाणी उडी मारत असेल तर एका प्रतीत तुकडा गायब आहे किंवा पाटी कमी वेळ धरली आहे. या दोन्हींचे इलाज वेगळे.

रीळवाला
मूळ दुखणं वेगळंच आहे. तो काळ हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याचा. सेकंदाला १६ ते १८ फ्रेम धरून चाला. ३५ मिमीची १००० फुटी रीळ १६ च्या वेगाने पावणेसतरा मिनिटं चालते, २४ ने जेमतेम ११. ऑनलाइन फिरणाऱ्या प्रती बहुतेक पळवलेल्या असतात, म्हणून माणसं टुणटुण उडताना दिसतात. १८ वर आणा, मग संगीताचं बोलू.

बिनआवाजी
पहिली पाटी: फरक नाही. मध्यावर ५७ सेकंद. शेवटी १ मिनिट ५५. तालमीची फाइल ४७:५०, हॉलची ४५:५५.
@रीळवाला, १८ वर आणलं तर किती होईल?

रीळवाला
तुमची फाइल सरळ २४ ला पळवलेली असेल तर ६३:४७.

बिनआवाजी
मग १६ मिनिटांचं नवीन संगीत शनिवारपर्यंत कुठून आणू?

झांजरवाणे
आणू नका. तुमचे आकडे स्वच्छ बोलतात. २८७० सेकंद आणि २७५५ सेकंद, म्हणजे २५ भागिले २४. एक प्रत सेकंदाला २४ फ्रेमची, दुसरी २५ ची, फ्रेम त्याच. व्हीएलसीमध्ये टूल्स, कोडेक इन्फर्मेशन उघडून खात्री करा. सोपा मार्ग: आपली तालमीची फाइल पेन ड्राइव्हवर न्या, हॉलच्या यंत्रावर आदल्या दिवशी पूर्ण चालवा आणि घड्याळ लावून ४७:५० भरतात का बघा. काही प्लेअर गुपचूप २५ ने वाजवतात.
हॉलवाले ऐकत नसतील तर टेम्पो (मिनिटाला ठोके) वाढवा. ९६ चा १००, ७२ चा ७५. तयार ट्रॅकचा वेग मात्र सूर न बदलता (सॉफ्टवेअरमधलं 'वॉर्प') वाढवा. नुसता वेग वाढवलात तर सूर जवळजवळ ०.७ सेमिटोन चढेल आणि हार्मोनियमशी भांडेल.

पखवाज_प्रेमी
मुळात क्लिक का? कान बंद करून वाजवणारा पखवाजवाला चित्र बघत नाही, आकडे मोजतो. पाऊण तासाचा एकच क्लिक ठेवला की कुठे एक पाटी अडली तरी पुढचं सगळं सांडतं. दहा-बारा खंड करा. प्रत्येक खंडाचा शेवट लांबवता येईल असा ठेवा: आलापी, तानपुरा, सिंथचा (सिंथेसायझरचा) धरलेला सूर. खुणेचं दृश्य दिसलं की एकाने पायाच्या स्विचने पुढचा खंड सुरू करायचा. यमुनेतली उडी ही खूण कुणाच्या नजरेतून सुटणार नाही.

झांजरवाणे
खंड पटले, क्लिक काढणं नाही. लढाईत सिंथचे आर्पेजिओ (एकामागून एक तुटक वाजणारे सूर) आणि पखवाज एका लयीत हवे असतील तर त्या खंडापुरता क्लिक लागणारच. लोणीचोरीच्या खोड्यांना अजिबात नको.

काळी_चार
आधुनिक आवाजाचं निमित्त झालं की सगळीकडे ड्रोन (सतत धरलेला सूर) आणि रिव्हर्ब (घुमारा). फाळक्यांच्या चित्रपटाला पेटी-तबला पुरेसा होता.

साऊंडचेक
'शिराझ'ला (१९२८) अनुष्का शंकर यांनी २०१७ मध्ये नवं संगीत दिलं, त्याआधी 'प्रपंच पाश'ला (१९२९) नितीन साहनी यांनी. तेव्हा कुणी पेटीची सक्ती केली नव्हती. वाद्य कुठलंही चालेल, पाट्यांवर गप्प बसता आलं पाहिजे. लोक वाचत असताना बोल भरले की वाचणंही जातं आणि ऐकणंही. सुरुवातीला मंदाकिनीच्या चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक येतात, तिथे प्रत्येक भावाला वेगळी धून देऊ नका, कार्टून होतं. एकच बासरी, लांब श्वास.

काळी_चार
पेटीची सक्ती मी म्हटलेलीच नाही.

वकीलसाहेब_नव्हे
अवांतर: भारतात चित्रपटाचं स्वामित्व प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतं, त्यामुळे 'कालिया मर्दन' मोकळा आहे. पण प्रत अभिलेखागाराकडून घेतली असेल तर त्यांच्या अटी पाळाव्या लागतात. मध्ये रेकॉर्डेड अभंग वगैरे घालणार असाल तर परवानगी वेगळी.

बिनआवाजी
कॉपीराइट मी विचारलाच नव्हता, पण ठीक. कोडेक बघितलं, २४ आणि २५ च निघाले. हॉलवाले आमची फाइल लावायला तयार आहेत. आता दुसरं: लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून घूं येते, आणि एसीत तबल्याचा सूर चढतो.

साऊंडचेक
घूं: इंटरफेस (लॅपटॉपचं साउंड कार्ड) आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल जुळवणारी डबी) टाका, त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं (अर्थ तोडणारं) बटण दाबा. स्टिरिओ असेल तर दोन. चार्जरच्या प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका, शॉक बसेल. बासरीचा किंवा पखवाजाचा पिएझो (वाद्याला चिकटवायचा पिकअप) वापरत असाल तर तो थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला नको, खालचे सूर गायब होतात. निदान १ मेगाओहम इनपुटचा प्रीअँप लागतो.
तबला: एसी पूर्ण चालू करून अर्ध्या तासाने लावा, आधी लावलेला कोरड्या हवेत चढणारच. पेटी ४४० लाच (A = ४४० हर्ट्झ) आहे असं धरून चालू नका, ट्यूनरवर बघा आणि सिंथचा मास्टर ट्यून पेटीला जुळवा. तयार ट्रॅकही तेवढेच सरकवा.

पखवाज_प्रेमी
पखवाजाच्या धुमाला (डाव्या, खर्जाच्या तोंडाला) कणीक लावत असाल तर तीही एसीत वाळून आवाज चढतो. मध्यंतर नाही, तेव्हा लढाईच्या आधीच्या लांब खंडात बासरी एकटी ठेवा. तेवढ्यात ओलं फडकं फिरवून घेता येईल.

रीळवाला
पुढच्या प्रयोगाला तरी १८ वर आणा. दर तिसरी फ्रेम दुहेरी केली की २४ च्या फाइलमध्ये १८ चं चित्र बसतं, कुठल्याही यंत्रावर चालतं.

झांजरवाणे
बसतं, पण धक्के दिसतात. लोकांची गर्दी यमुनेच्या काठी धावते तिथे आधी तपासा.