बाजारपेठेतली भित्तिचित्रं आणि चौकातलं ब्राँझ शिल्प: काम सुरू करण्याआधी काय तपासावं, करारात काय लिहावं?

मोकळी_भिंत

शहराच्या मध्यवर्ती बाजारभागात तीन भिंतींवर चित्रं आणि चौकात एक शिल्प असं काम ठरलं आहे. रेखाटनं मंजूर आहेत. साहित्याची यादी आणि कामाचा क्रम मात्र अजून ठरायचा आहे.

भिंत १: १२ मीटर रुंद, ६ मीटर उंच, तोंड पश्चिमेला. सिमेंटचा गिलावा, त्यावर जुना रंग. हात फिरवला की पांढरी भुकटी लागते.
भिंत २: जुनी, विटांची, चुन्याचा गिलावा, कधीच रंगवलेली नाही.
भिंत ३: उत्तरेकडची. खालच्या मीटरभरात पोपडे आणि लोणा (क्षारांचा पांढरा थर).
शिल्प: ओतीव ब्राँझ, उंची सुमारे ३ मीटर, आत पोलादी सांगाडा, एक मीटरच्या चौथऱ्यावर.

चित्रं निदान दहा वर्षं टिकावीत अशी अपेक्षा आहे. तिन्ही भिंतींना एकच प्रायमर आणि वरून एकच संरक्षक थर चालेल का? शिल्पकाराकडून आणि ओतशाळेकडून कोणत्या तांत्रिक गोष्टी लिहून घ्याव्यात?

गिलावा_पारखी

एकच उपाय चालणार नाही, तिन्ही भिंतींची दुखणी वेगळी आहेत.

आधी पाण्याचा माग काढा. उन्हाने चित्र फिकं पडतं, पण भिंतीवरून सुटतं ते मागच्या ओलीमुळे. भर पावसात भिंतीसमोर उभं राहिलं की बरंच कळतं: माथ्यावरच्या कोपिंगला (भिंतीच्या झाकणपट्टीला) चीर आहे का, पन्हळीचा सांधा गळतो का, खिडकीच्या ओट्यावरचं पाणी खाली टपकतं की भिंतीवरून ओघळतं. हे दुरुस्त होईपर्यंत रंगाचा डबा उघडू नये.

मग हातोडीच्या लाकडी दांड्याने सगळी भिंत ठोकत जा. बद्द आवाज येईल तिथे खडूने खूण करा. तिथला गिलावा विटेपासून सुटलेला असतो, तो काढून नवा करावा लागतो. नव्या सिमेंट गिलाव्याला किमान २८ दिवस द्या. ताज्या गिलाव्यातला अल्क काही रंगद्रव्यं खातो आणि बाइंडरही (रंगाचे कण धरून ठेवणारं द्रव्य) कमकुवत करतो.

ओल तपासायला ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून किमान १६ तास ठेवा. आतून थेंब जमले किंवा त्याखालची भिंत गडद झाली, तर ती अजून ओली आहे. एकाच जागी करून भागत नाही. तळाशी, मध्ये आणि माथ्याजवळ, तिन्हीकडे करा.

भिंत १ वरची भुकटी म्हणजे जुन्या रंगातला बाइंडर उन्हाने संपला आहे. त्यावर थेट नवा रंग दिला, तर तो भुकटीला चिकटेल, भिंतीला नाही. सुटं तेवढं खरवडा, धुऊन काढा, तीन-चार कोरडे दिवस जाऊ द्या. मग ब्लेडने फुलीच्या रेघा मारून त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे आले तर जुना रंग पूर्ण उतरवणं भाग आहे. नाही आले तर आत मुरणारा अॅक्रिलिक प्रायमर द्या. क्षेत्रफळ ७२ चौरस मीटर. मध्यम खरबरीत गिलाव्यावर लिटरला ६ ते ८ चौरस मीटर धरा, म्हणजे प्रायमर ९ ते १२ लिटर आणि पांढऱ्या पायारंगाचे दोन हात १८ ते २४ लिटर.

केसासारख्या बारीक भेगा प्रायमर आणि पायारंगात बुजतात. ज्या भेगेत नख जातं तिच्यावर आडवी पेन्सिलची रेघ मारून महिनाभर लक्ष ठेवा. रेघ तुटली किंवा सरकली तर भेग हलती आहे, तिला लवचीक सीलंट लागेल. कडक पुट्टी तिथे पुन्हा फुटते.

पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते. हात टेकवून ठेवता येत नसेल तर ब्रश लावू नका, रंग वरून सुकतो आणि जोडाचे पट्टे दिसतात. सकाळी सावलीत काम करा आणि दव पडायच्या दोन-तीन तास आधी थांबा.

खनिज_रंग

भिंत २ बद्दल. ती कधी रंगवलेली नाही हे तुमचं नशीब. तिच्यावर अॅक्रिलिकचा थर चढवू नका, सिलिकेट रंग वापरा. आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये पेटंट घेतलेली ही पद्धत आहे. पोटॅशियम सिलिकेटची गिलाव्याशी रासायनिक प्रक्रिया होऊन रंग त्याच्याशी एकजीव होतो, वर पापुद्रा तयार होत नाही. त्यामुळे आतली वाफ बाहेर पडू शकते आणि पोपडे सुटत नाहीत.

अडचणी तीन. जुन्या अॅक्रिलिक किंवा तेलरंगावर तो धरत नाही. रंगछटा खनिज द्रव्यांपुरत्याच मिळतात, तेव्हा चित्रकाराने आत्ताच छटापत्रक समोर ठेवून रेखाटनातले रंग बदलावेत. आणि तो तीव्र अल्कधर्मी असल्याने शिंतोडे काचेवर कायमचे उठतात. शेजारच्या खिडक्या झाका, चष्मा आणि हातमोजे सक्तीचे करा.

भिंत १ च्या अॅक्रिलिकमध्ये डब्यावरच्या नावाकडे बघू नका, रंगद्रव्याचा संकेतांक बघा. पीबी १५ (थॅलो निळा), पीजी ७ (थॅलो हिरवा), पीआर १०१ आणि पीवाय ४२ (लोह ऑक्साइडचे लाल-पिवळे), पीवाय १८४ (बिस्मथ पिवळा) हे उघड्यावर टिकतात. स्वस्त लाल, गुलाबी आणि जांभळे आधी जातात. चमकणारे फ्लुओरेसंट रंग काही महिन्यांतच मरतात, ते यादीतून काढाच. गडद रंगात भरपूर पांढरा मिसळून केलेली फिकी छटा मूळ रंगापेक्षा लवकर उडते. पश्चिमेच्या भिंतीवर हे विशेष लक्षात ठेवा.

संरक्षक थर म्हणून भिंत १ वर दोन घटकांचं अॅलिफॅटिक पॉलियुरेथेन द्या. अॅरोमॅटिक नको, ते पिवळं पडतं.

गिलावा_पारखी

शेवटच्या मुद्द्याशी असहमत. पॉलियुरेथेन कडक आणि जवळजवळ बंद थर आहे. भिंतीत थोडी जरी ओल उरली तरी त्याच्याखाली दुधाळ धुकं येतं किंवा फोड उठतात, आणि तो काढायचं रसायन चित्रही काढतं. मेणासारखा बळीचा थर बरा. कुणी काही लिहिलं की गरम पाण्याने थर धुऊन काढायचा आणि तेवढ्या भागात पुन्हा द्यायचा. तोही माणसाचा हात पोचतो तिथवर, अडीच मीटर उंचीपर्यंत पुरे. त्याच्याखाली पाण्यावर आधारित पारदर्शक अॅक्रिलिकचा एक विलग थर असावा, म्हणजे धुताना चित्राला धक्का लागत नाही.

खनिज_रंग

ओलीबद्दल मान्य. प्लास्टिकची चाचणी तिन्ही जागी कोरडी निघाली तरच पॉलियुरेथेन, नाहीतर बळीचा थर. भिंत २ वर मात्र दोन्ही नकोत. तिथे वरून काहीही दिलं तर सिलिकेट घेतल्याचा अर्थच उरत नाही.

ओतकाम

शिल्पाबद्दल. तुमच्या वर्णनातला "पोलादी सांगाडा" हाच शब्द खटकला. साधं पोलाद आणि ब्राँझ एकमेकांना टेकले आणि मध्ये ओलावा आला की विद्युत-रासायनिक क्षरण होतं, त्यात पोलाद खाल्लं जातं. गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून शिल्पाला चिरा पाडतो. स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचं हेच झालं. तांब्याचा पत्रा आणि लोखंडी सांगाडा यांच्यामध्ये घातलेला विलगक थर निकामी झाला, गंजाने पत्रा फुगवला आणि रिव्हेट उपटले. १९८६ मध्ये पुऱ्या झालेल्या दुरुस्तीत त्या लोखंडी पट्ट्यांच्या जागी ३१६ एल स्टेनलेस पोलाद आणि मध्ये टेफ्लॉन घातलं.

तेव्हा करारात लिहा: सांगाडा आणि बोल्ट ३१६ दर्जाचं स्टेनलेस, ब्राँझला टेकेल तिथे नायलॉन किंवा टेफ्लॉनचा विलगक, ब्राँझची जाडी किमान ५ मिलिमीटर, मिश्रधातूचं नाव आणि घटक. शिल्प पोकळ राहावं म्हणून ओतताना आत ठेवलेली गाभ्याची माती नंतर पूर्ण काढलेली असावी. ती राहिली तर पाणी आणि क्षार धरून ठेवते आणि वर्ष-दोन वर्षांत शिल्पावर पांढरे-हिरवे ओघळ दिसायला लागतात. गाभा धरणाऱ्या खिळ्यांची भोकं त्याच मिश्रधातूने बुजवलेली हवीत. पाणी निथळायला प्रत्येक खोलगट जागेच्या तळाशी किमान १० मिलिमीटरचं भोक हवं. वळलेला हात, कपड्याची चुणी, पसरलेला तळवा या जागा चित्रात लक्षात येत नाहीत. ओतशाळेत उभं राहून बादलीभर पाणी ओता आणि कुठे साचतं ते बघा.

वाऱ्याचा हिशेब अभियंत्याकडूनच करून घ्या, पण अंदाज यावा म्हणून: सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर वाऱ्यात दर चौरस मीटरला सुमारे १ किलोन्यूटन, म्हणजे शंभरेक किलोचा रेटा बसतो. त्यात माणसं चढणार हे गृहीतच धरा आणि पसरलेल्या हाताला लोंबकळणारी दोन माणसं हिशेबात घ्या. बाहेर आलेला भाग २.१ मीटरपेक्षा खाली असेल तर डोकं आपटतं. ९ ते २३ सेंटिमीटरच्या फटीत लहान मुलाचं डोकं अडकू शकतं. या दोन्ही गोष्टी ओतण्याआधीच्या मेणाच्या नमुन्यातच दुरुस्त होतात, नंतर नाही.

देखभाल सोपी आहे, फक्त चुकता कामा नये. वर्षातून एकदा सौम्य, उदासीन साबणाने धुणं, पूर्ण सुकवणं, किंचित गरम करून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचे दोन पातळ हात. तारेचा ब्रश आणि पितळ चकाकवायची पेस्ट बंद, पॅटिना (ब्राँझवर चढवलेला रंगाचा पातळ थर) एकदा गेला की शिल्पाचा रंगच बदलतो. फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके दिसले आणि पुसल्यावर परत आले, तर ते क्लोराइडचं क्षरण आहे. त्यावर मेण फासू नका, जाणकार संवर्धकाला बोलवा.

हक्क_आणि_नोंद

तांत्रिक यादीला दोन कागद जोडा. पहिला: प्रत्येक रंगाचा उत्पादक, संकेतांक, बॅच क्रमांक आणि रंगपट्टी शेजारी ठेवून काढलेली छायाचित्रं. दुरुस्तीवेळी हाच कागद उपयोगी पडतो. दुसरा: काम काढायचं, हलवायचं किंवा झाकायचं झालं तर कलाकाराला किती दिवस आधी कळवायचं. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढलं गेलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल २००५ मध्ये लागला. न्यायालयाने अवशेष कलाकाराला परत द्यायला आणि भरपाई द्यायला सांगितलं. भिंतीची मालकी आणि त्यावरच्या कलाकृतीचा नैतिक हक्क (तिची मोडतोड होऊ न देण्याचा कलाकाराचा हक्क) या वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतमालकाची लेखी संमती घ्या, तीत वर्षांची मुदतही घाला.

मोकळी_भिंत

प्लास्टिक लावून पाहिलं. भिंत १ तिन्ही जागी कोरडी. भिंत २ ही कोरडी. भिंत ३ वर खाली भरपूर थेंब, मध्ये थोडे, माथ्याजवळ काही नाही. लोणा ब्रशने झाडून क्षाररोधक प्रायमर दिला तर चालेल का? की चित्र कापडावर रंगवून चिकटवावं?

गिलावा_पारखी

दोन्ही नको. खालून वर कमी होत जाणारी ओल म्हणजे ती जमिनीतून चढते आहे. बंद प्रायमर दिला की ती वरच्या भागात चढेल आणि पोपडे चित्राच्या मध्यावर येतील. पॉलिएस्टर कापडावर रंगवून अॅक्रिलिक जेलने डकवायची पद्धत छान आहे, फिलाडेल्फियात तशी पुष्कळ भित्तिचित्रं झाली आहेत, पण तिलाही कोरडी भिंत लागते.

भिंत ३ वर चित्र थेट भिंतीला लावूच नका. फायबर सिमेंटचे किंवा अॅल्युमिनियम कंपोझिटचे फलक स्टेनलेस चौकटीवर बसवा. मागे किमान २५ मिलिमीटर हवा खेळती राहील अशी फट ठेवा, वर-खाली मोकळी, कीटकजाळी लावून. फायबर सिमेंट घेतलंत तर मागची बाजू आणि चारही कडा रंगवण्याआधी सील करा, पाणी कडेतूनच शिरतं. फलकांमध्ये ५ ते ६ मिलिमीटरचा सांधा सोडा आणि चित्रकाराला तो आधी सांगा, म्हणजे चेहऱ्यावरून जाणार नाही. फलकाचा तळ जमिनीपासून ६० सेंटिमीटर वर. खालच्या पट्ट्यातला सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करा आणि तो तसाच, रंगाशिवाय, श्वास घेऊ द्या.