लेकीचा मऊ 'ग' सुधारायचा का?

अकोल्याची_लेक:
आम्ही तीन वर्षांपासून नेदरलँड्सच्या दक्षिणेत, आइंडहोवनला आहोत. लेक सहा वर्षांची. शाळा सुटली की मैत्रिणींना "हाउडू!" म्हणून हात हलवते. परवा तिला माझ्या डच वर्गाला सोबत नेलं होतं. बाई मूळच्या हेगच्या. लेक काहीतरी बोलताना 'खूत' म्हणजे 'छान' म्हणाली. लिहिताना तो goed, त्यातला g म्हणजेच डच 'ग'. तिचा 'ग' घशातून खरखरत येत नाही, टाळूपाशीच हळूच निसटतो. बाई म्हणाल्या, "हे शुद्ध नाही, घरी सराव करून घ्या."
पुण्यात कॉलेजला असताना मी "काय करून राहिली?" म्हटलं की वर्ग हसायचा. ते सगळं एकदम आठवलं. लेकीला सुधारू की राहू देऊ?

मासकाठ:
ताई, अजिबात सुधारू नका. मी ब्राबांतमध्ये, म्हणजे तुमच्या आइंडहोवनच्याच प्रांतात, सतरा वर्षं आहे. ऱ्हाइन, वाल आणि मास या नद्या देशाला आडव्या वाहतात. ढोबळमानाने नकाशात त्यांच्या वर खरखरीत 'ग', खाली मऊ. प्रमाण डचमध्ये दोन्ही चालतात, मऊ 'ग' ही चूक नाही. 'हाउडू' हे 'स्वतःला नीट सांभाळा' अशा अर्थाच्या शब्दांचं झिजलेलं रूप. निरोपाला याहून मायेचा शब्द कुठला?
कार्निव्हलमध्ये तर इथली गावंसुद्धा नाव बदलतात. आइंडहोवनचं 'लाम्पेगात' होतं, कारण 1891 पासून फिलिप्सचे दिवे इथे बनायचे. जवळच्या डेन बॉश शहराचं 'ऊटेलडोंक'. लेकीला मिरवणुकीला न्या. त्या गर्दीत कुणी तिचा 'ग' दुरुस्त करणार नाही.

गेंटचा_पाहुणा:
नद्यांखालीच का, सीमेपलीकडे बेल्जियममध्ये 60 लाखांहून जास्त लोक डच बोलतात, त्यांचाही 'ग' साधारण मऊच. शब्दही वेगळे. 'लोपन' म्हणजे नेदरलँड्समध्ये चालणं, आमच्याकडे धावणं. 'स्खोन' म्हणजे त्यांच्याकडे स्वच्छ, आमच्याकडे सुंदरसुद्धा.
आणि सगळ्या देशाला 'हॉलंड' म्हणू नका. बारा प्रांतांपैकी दोनच हॉलंड, उत्तर आणि दक्षिण. दक्षिणेतल्या लिंबर्ग प्रांतातल्या माणसाच्या ते मनाला लागतं. त्यांच्या लिंबर्गिशला 1997 मध्ये प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता मिळाली आहे.

उत्तरवारा:
मी उत्तरेकडच्या फ्रिसलंड प्रांतात असतो. इथली फ्रिसियन ही डचची बोली नाही, वेगळी भाषा आहे. आडनावांतला 'स्त्रा' म्हणजे तिथला रहिवासी, अगदी आपल्या 'कर'सारखा. संगणकवाल्यांना संगणकशास्त्रज्ञ डाइकस्त्रा माहीत असतील. 'डाइक' म्हणजे समुद्र अडवणारा बांध. आपण त्यांना बांधकर म्हटलं असतं. रॉटरडॅमला जन्मलेला हा माणूस पुढे तुमच्याच आइंडहोवनच्या विद्यापीठात प्राध्यापक होता!

अकोल्याची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाईंशी मी बोलणार आहे, नीट शब्दांत, पण बोलणार. मासकाठदादा, मिरवणुकीचं नक्की.
आज जेवणं झाल्यावर लेकीला म्हटलं, मलाच शिकव तुझा 'ग'. ती समोर मांडी घालून बसली, माझ्या गळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथून नाही आई. जीभ वर ने, अन् नुसती हवा सोड." दहाबारा वेळा करून घेतलं. शेवटच्या दोन वेळा तिने मान डोलावली.