मदत हवी आहे : उन्हाळ्यात ड्रॉपरचं पेन शाई ओकतं, काय करू?

मंडळी, इथं कुणी शाईपेनवाले असतील तर जरा मार्ग दाखवा.

माझ्याकडे एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, जाडजूड पेन आहे. ड्रॉपरनं थेट पोटात शाई भरायची. रबरी पिशवी नाही की कन्व्हर्टर नाही. एकदा भरलं की बरेच दिवस बघायला नको. पावसाळ्यात, थंडीत काही तक्रार नसते. गुढीपाडवा झाला की मात्र त्याची तऱ्हा बदलते. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, जावक रजिस्टर माझ्याकडं. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळीसच्या वर असतो, आणि आमच्या डोक्यावर पत्रा. पेनाला ऊन लागू नये म्हणून ते साहेबांच्या एसी केबिनमधल्या ड्रॉवरमध्ये असतं, गाडी भरायला लागली की घेऊन शेडमध्ये येतो.

टोपण काढलं की पहिली ओळ सुरेख उमटते. दुसरी अर्धी होते तोवर निबखालच्या जिभेच्या खाचा शाईनं भरून चकाकायला लागतात, आणि वेलांटी काढता काढता टपोरा थेंब गाडी नंबरवर. पेन काठोकाठ भरलेलं असेल तर असं होत नाही, शाई अर्ध्याखाली गेली की सुरू. आट्यांतून गळत नाही, हे टीपकागद गुंडाळून तपासलंय. निबही बदलून पाहिली.

जेल पेन घ्या, हा सल्ला ऑफिसात रोज मिळतो. तो इथं कृपया नको.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. नव्या पेठेत एका जुन्या दुकानाच्या मागच्या फळीवर रॉयल ब्लूच्या काचेच्या दौती सापडल्या. सील शाबूत, पण एकीच्या तळाला गाळ बसलाय, हलवला तरी मिसळत नाही. गाळून वापरावी का? आणि कागद. हल्लीच्या वहीत शाई फुटते, पाठीमागं उमटते. घरी लाल कापडी बांधणीची जुनी खतावणी आहे, तिची कोरी पानं मात्र आजही शाई झकास पेलतात. तसा कागद ओळखायचा कसा?

दौतवाला :
मालक, पेन निर्दोष आहे. केबिनमधून शेडमध्ये येणं नडतंय.

शाईच्या वर जी रिकामी जागा असते तिथं हवा असते. ती तापली की फुगते आणि शाईला जिभेतून बाहेर रेटते. केबिन २५ अंश, शेड ४२ अंश धरा, हवा पावणेसहा टक्के वाढते. पेनात ३ मिली शाई मावत असेल आणि २ मिली जागा रिकामी असेल, तर ०.११ मिली शाई बाहेर यायला बघते. साधारण दोन थेंब झाले! भरल्या पेनात हवाच थोडी, म्हणून तेव्हा गुण दिसत नाहीत. शाई स्वतः हवेच्या मानानं फार कमी फुगते.

तेव्हा पेन शेडमध्येच सावलीला ठेवा. उन्हात नको, एबोनाइट तपकिरी पडतं. केबिनमधून आणावंच लागलं तर शर्टाच्या खिशात निब वर करून दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, आणि टोपण काढतानाही निब वरच हवी. अशानं हवा निबकडे असते, फुगली की ती एकटीच निघून जाते, शाई खाली राहते. आणि अर्धं झालं की भरून टाका, तळ बघायची हौस थंडीत.

धातूचं पेन असतं तर याहून वाईट झालं असतं. एबोनाइट उष्णता सावकाश आत सोडतं, म्हणून निदान पहिली ओळ तरी सुरेख येते.

निळीशाई :
दादा, गाळाची दौत पेनात नकोच. गाळला तरी खाली बसलेला रंग गेलेलाच असतो, उरते ती फिकी शाई. वर तंतू किंवा साय दिसली, कुबट वास आला तर बुरशी समजा. ती एकदा पेनात शिरली की निघता निघत नाही. शाई ओता, दौत धुऊन ठेवा. जुन्या काचेच्या दौतीसाठी मी तरी शाई विकत घेईन, पण ते वेड वेगळं. बाकीच्या दौती स्वच्छ असतील तर आधी बोरू बुडवून लिहून बघा.

पेन धुताना बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडच्या जड पाण्याचा पांढरा थर बादलीवर दिसतो, तोच जिभेच्या बारीक खाचेत बसतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, स्वस्त असतं. पाणी साधंच, गरम केलं तर एबोनाइटचा रंग उतरतो.

कागदाचं म्हणाल तर जीएसएमवर, म्हणजे कागदाच्या वजनाच्या आकड्यावर, जाऊ नका. झेरॉक्सचा जाड कागदही शाई फोडतो. तुम्ही टॉवेलवाले, ताण्याला खळ कशासाठी देतात ते तुम्हाला मी काय सांगू! लिहायच्या कागदालाही तशीच खळ असते, त्यामुळं शाई तंतूंत न शिरता वर वाळते. खतावणीला ती भरपूर दिलेली असणार. दुकानात पेन घेऊनच जायचं आणि दुकानदाराला विचारून शेवटच्या पानावर एक जाड रेघ ओढायची. काठ दातेरी झाले की वही परत फळीवर.

धागाकर्ता :
दौतवाला, केबिनचं डोक्यातच आलं नव्हतं. आज दुपारी पेन शेडमधल्या कपाटात ठेवून लिहिलं, अर्ध्या शाईवर दोन पानं झाली, थेंब नाही. ताई, डिस्टिल्ड वॉटर कारखान्यात जनरेटरच्या बॅटरीसाठी असतंच, त्यातलं घेतो. एक राहिलं, आट्यांना व्हॅसलिन लावलं तर चालतं का?

दौतवाला :
नको. आत रबरी रिंग असेल तर व्हॅसलिननं ती फुगून खराब होते. सिलिकॉन ग्रीस घ्या, काडीच्या टोकावर येईल एवढंच लावा. नाहीच मिळालं तर नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप, दीड वेढा.