मदत हवी आहे: नंतर लोड झालेल्या बटणांवर क्लिक चालत नाही

नमस्कार मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयासाठी पुस्तकांच्या यादीचं पान बनवतोय. सुरुवातीला २० पुस्तकं दिसतात आणि खाली "आणखी दाखवा" दाबलं की फेचने (पान न बदलता सर्व्हरकडून माहिती आणणारी जावास्क्रिप्टची सोय) पुढची २० येतात, प्रत्येकापुढे "राखून ठेवा" असं बटण आहे. पहिल्या २० ना व्यवस्थित चालतं, नंतर आलेल्यांवर कितीही दाबा काहीच होत नाही, ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणारी खिडकी) एररसुद्धा नाही.

आधी नवी पुस्तकं यादीच्या इनरएचटीएमएलला (आतल्या मजकुराला) प्लस-इक्वल करून जोडत होतो तर जुनी बटणंपण बंद पडली, मग इन्सर्टॲडजसंटएचटीएमएल (जुन्याला न लावता नुसतं शेवटी जोडणं) केलं, जुनी वाचली. नव्यांसाठी म्हणून दर लोडनंतर सगळ्या बटणांवर पुन्हा ॲडइव्हेंटलिसनरचा (क्लिक झाल्यावर काय करायचं ते बटणाला जोडणारा) लूप फिरवला, तर दोनदा "आणखी दाखवा" केल्यावर पहिल्या पुस्तकाच्या एका क्लिकला तीन नोंदी! काल एका आजींच्या नावावर एकच कादंबरी तीनदा चढली, ग्रंथपाल मॅडमना रजिस्टरमधल्या दोन ओळी हाताने खोडायला लागल्या, फार वाईट वाटलं मला.

आता क्लिक थेट डॉक्युमेंटवर, म्हणजे अख्ख्या पानावर लावलंय आणि टार्गेटचा क्लास तपासतोय. अक्षरांवर दाबलं की चालतं, पण त्याच बटणातल्या छोट्या बुकमार्कच्या चित्रावर दाबलं की नाही, आणि मोबाईलवर बोट नेमकं तिथंच पडतं. जेक्वेरी लायब्ररी नकोय, साधं जावास्क्रिप्टच. काय चुकतंय?

प्रतिसाद:
दिशा बरोबर आहे तुमची. लिसनर लावताना जी बटणं पानावर असतात त्यांनाच तो लागतो, प्लस-इक्वलने तर जुनी बटणं पुसून नवीन तयार होतात म्हणून तीही गेली. क्लिक मात्र आतून बाहेर चढत जातो, तो यादीच्या उलवर (ul, सगळ्या ओळी ज्यात आहेत तो टॅग) पकडा, डॉक्युमेंटपर्यंत जायला नको. टार्गेट म्हणजे बोट पडलं तो सगळ्यात आतला एलिमेंट, तुमच्याकडे बुकमार्कच्या चित्राचा एसव्हीजी किंवा त्यातली रेघ म्हणजे पाथ येत असणार, त्याला बटणाचा क्लास कुठून असेल? टार्गेटवर क्लोझेस्ट लावून त्या क्लोझेस्टला बटणाचा क्लास (पुढे टिंब लावून) द्या, तो वर जात बटण शोधतो, नाही सापडलं तर नल (काहीच नाही) देतो, मग सरळ रिटर्न. तो लूप आधी काढा हं, नाहीतर डबल नोंदी चालूच राहतील. आणि नोंद होईपर्यंत बटण डिसेबल ठेवा, नेट स्लो असलं की लोक परत परत दाबतात.

धागाकर्ता:
झालं! ६० पुस्तकं लोड करून शेवटच्याच्या चित्रावर दाबलं, एकच नोंद. खूप आभार. अजून एक, प्रत्येक ओळीत सभासद क्रमांकाची चौकट आहे, तिचा फोकसपण असाच उलवर लावला, तो का लागत नाही?

प्रतिसाद:
फोकस क्लिकसारखा वर चढत नाही. त्याच्या जागी फोकसइन लिहा, तो चढतो.