अल्बम चार्ट एलपीच्या आधीचा आहे

कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेत अल्बमचा चार्ट, म्हणजे सर्वाधिक खपणाऱ्या अल्बमची क्रमवारी, १९५६ ला सुरू झाला, त्यात थोडी भर घालतो. ५६ पासून बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकामधे तो दर आठवड्याला नियमित यायला लागला हे बरोबर, पण पहिला चार्ट २४ मार्च १९४५ चा आहे. नाव 'बेस्ट सेलिंग पॉप्युलर रेकॉर्ड अल्बम्स' आणि जागा फक्त पाच!

आता १९४५ ला एलपी (एका बाजूला बरीच गाणी मावणारी लाँग प्ले तबकडी) कुठे होती, ती कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने आणली १९४८ ला. मग अल्बम म्हणजे काय, तर अक्षरशः फोटोंचा असतो तसा अल्बम, जाड पुठ्ठ्याचं कव्हर, आत कागदी पाकिटं आणि प्रत्येक पाकिटात ७८ ची (मिनिटाला ७८ फेरे फिरणारी) एक जड तबकडी. आजोबांकडे तसा एक होता, दोन्ही हातांनी उचलायला लागायचा आणि तीन-साडेतीन मिनिटं झाली की उठून तबकडी उलटायची.

पहिला नंबर वन अल्बम होता किंग कोल ट्रिओचा (गायक-पियानोवादक नॅट किंग कोल आणि त्याचे दोन साथीदार), चार तबकड्या, आठ गाणी. पियानो, गिटार, बास एवढंच, ड्रम्स नाहीतच. त्या काळच्या अमेरिकेत तीन कृष्णवर्णीय कलाकार चार्टच्या अगदी माथ्यावर, आणि एकूण १२ आठवडे, मला तर ही गोष्ट फार मोठी वाटते, हिच्याबद्दल इतकं कमी का बोललं जातं कळत नाही.

नंतर १९५९ ला मोनो (एकाच चॅनेलचा आवाज) आणि स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा आवाज) अल्बमचे वेगळे चार्ट केले, ते १९६३ मधे परत एक झाले.