ब्लॉक ६० टक्के, प्रवाह ठीक: स्टेंट घालायचा की नाही?

डिचोलीकर
चवथीला माटोळी बांधायला बाबा शिडीवर चढले. सुपारीचा दुसरा घोस टांगेपर्यंत छाती भरून आली. आधी सीटी अँजिओ, मग कॅथलॅब. एलएडीत, म्हणजे हृदयाच्या पुढच्या मोठ्या धमनीत, ६० टक्के ब्लॉक. तार घालून एफएफआर (ब्लॉकपलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या किती पट उरतो तो आकडा) काढला तर ०.८४. डॉक्टर म्हणाले, ०.८० च्या वर आहे, रक्त पुरेसं जातंय, गोळ्या घ्या. पण सीटीच्या रिपोर्टात मऊ, चरबीचा प्लाक (धमनीच्या भिंतीत साचलेला थर) लिहिलाय, धमनी बाहेरच्या अंगाला फुगलेली. माझं मत स्पष्ट आहे: असला प्लाक आजच्या प्रवाहावर विसंबून सोडू नये. स्टेंट घालावा.

फोंड्याचा कॅथलॅबवाला
दादा, नाही पटलं. अॅडिनोसिन दिलं की धमन्या पूर्ण उघडतात आणि स्क्रीनवर दाबाच्या दोन रेषा दिसतात, एक ब्लॉकच्या अलीकडची, एक पलीकडची. तुमच्या बाबांची पलीकडची रेषा अलीकडचीच्या ८४ टक्क्यांवर राहिली. मी ७० टक्के दिसणाऱ्या ब्लॉकमध्ये या रेषा जवळजवळ चिकटलेल्या पाहिल्यात आणि ५० टक्केवाल्यात फाकलेल्या. ब्लॉक किती लांब, पलीकडे हृदयाचा किती भाग त्या धमनीवर जगतो, यावर ते ठरतं. २००९ च्या फेम अभ्यासात १००५ रुग्ण होते. एफएफआर बघून स्टेंट घातले, तर स्टेंट कमी लागले आणि वर्षभरात मृत्यू, अॅटॅक किंवा पुन्हा प्रोसिजर हे सगळं मिळून १८.३ वरून १३.२ टक्क्यांवर आलं.

वाळपईची लेक
माझ्या आईला एका खाजगी इस्पितळात ‘४० टक्केच आहे, काही नाही’ म्हणून घरी पाठवलं. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळीसुद्धा दिली नाही. सात महिन्यांनी पहाटे अॅटॅक आला. वाळपईहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पोचायला तासभर जातो, तो तास मी १०८ मध्ये तिचा हात धरून काढलाय. आई वाचली, पण हृदय अर्धंच पंप करतं. प्लाकवरचं पातळ आवरण फाटलं की तिथेच गुठळी होते, मग आदल्या दिवशीच्या प्रवाहाला काय अर्थ? २०२४ चा प्रिव्हेंट अभ्यास वाचा. एफएफआर ०.८० च्या वर, पण प्लाक धोक्याचा, असे १६०६ रुग्ण. दोन वर्षांत स्टेंटवाल्या ८०३ पैकी ३ जणांना त्रास झाला, नुसत्या औषधांवरच्या ८०३ पैकी २७ जणांना.

म्हापशाचा फिजिशियन
ताई, तुमच्या आईच्या बाबतीत चूक झाली ती स्टॅटिन न देण्याची. त्याबद्दल तुमचा राग रास्त आहे. पण प्रिव्हेंटमधला बराचसा फरक अनस्टेबल अँजायनासाठी (अचानक वाढलेल्या छातीदुखीसाठी) भरती होणं आणि पुन्हा प्रोसिजर करणं यांतला आहे. मृत्यूंत तसा ठोस फरक नाही. शिवाय कोणाला स्टेंट घातलाय हे रुग्ण-डॉक्टर दोघांनाही ठाऊक होतं. २०११ चा प्रॉस्पेक्ट बघा: पातळ आवरण, ७० टक्के प्लाकचा भार आणि ४ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक वाट, तिन्ही एकत्र असलेल्या जागांपैकी तीन वर्षांत सुमारे १८ टक्के जागांनी त्रास दिला. म्हणजे बहुतेक जागा शांत राहिल्या.

प्रवाह आणि प्लाक या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हेही सांगतो. अरुंदी तेवढीच असताना मऊ चरबीचा प्लाक असलेल्या धमनीत प्रवाह कमी पडण्याची शक्यता जास्त असते. तिथलं आतलं अस्तर बिघडलेलं असतं, गरज पडली की धमनी हवी तेवढी पसरत नाही, असं त्याचं एक कारण मानतात. म्हणून ०.८४ ला मी ०.९५ सारखं मानणार नाही.

वाळपईची लेक
हेच तर! मग थांबायचं कशासाठी?

म्हापशाचा फिजिशियन
कारण स्टेंट त्या दोन-तीन सेंटिमीटरपुरता. स्टॅटिन सगळ्याच धमन्यांत चरबी कमी करते, आवरण जाड करते. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली नेलाय का त्यांचा?

डिचोलीकर
१२८ आहे. पाच महिन्यांपासून गोळी चालू आहे, पण बाबा ती एक दिवसाआड घेत होते, हे आज आईकडून कळलं. स्टेंटबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. पण उद्यापासून सकाळच्या पेजेबरोबर गोळी मी स्वतः हातात देणार. सहा आठवड्यांनी रक्त तपासून आकडा इथे टाकतो.

फोंड्याचा कॅथलॅबवाला
टाका. आणि शिडीवर चढू देऊ नका त्यांना.